सायमनने परत ठेवलेली खुर्ची

सायमन गेल्याचं कळलं तेव्हा मी बांगडे साफ करत होते. सून फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, आधी हात धुवा." हात धुवायला सांगतात तेव्हा कुणीतरी गेलेलं असतं, एवढं या वयात कळतं. मी नळ सोडला आणि विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "सायमन. ऑफिसात, खुर्चीवर बसल्या बसल्या." मी नळ बंद केला आणि उरलेले बांगडे साफ करून टाकले. रडू आलं नाही. त्या वेळी माझ्या मनात त्याच्याबद्दल राग होता, आणि रागावलेल्या माणसाला रडू उशिरा येतं. देह वसईला नेला. माझा मुलगा विल्सन त्याला निरोप द्यायलासुद्धा गेला नाही. "काम आहे," म्हणाला. मीही त्याला जा म्हणाले नाही.

आता महिना उलटून गेला आहे. सायमन दुबईत वकील होता, कंपन्या-कंपन्यांच्या भांडणांचा वकील, आणि आपल्या वसईकरांत त्याच्याविषयी एक गोष्ट पसरली होती ती पुष्कळांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे वाचावं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट पसरली ती आमच्या घरातून, तर ती परत घेण्याचं कामही आमच्याच घराचं आहे.

सायमनची मी धर्ममाता. आमच्या आणि त्याच्या घरात एकच विहीर होती, मध्ये केळीची बाग. बाप्तिस्म्याच्या वेळी तो माझ्या हातावर होता. फादर प्रश्न विचारतात ते मुलाला, पण मूल काय बोलणार... उत्तरं धर्ममातेने द्यायची. सैतानाचा त्याग करतोस? करतो. मी त्याच्या वतीने सगळ्याला हो म्हणाले आणि तो माझ्या नव्या लुगड्यावर ओकला. मोठा झाल्यावर हे तो सगळ्यांना सांगायचा. म्हणायचा, "माझी पहिली वकील मावशी. फी म्हणून मी लुगडं खराब केलं." तो आणि विल्सन एकाच वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकले. विल्सनने उडी मारायची आणि सायमनने काठावर उभं राहून पाणी किती आहे ते विचारायचं, असे ते दोघे लहानपणापासून होते.

सायमन मुंबईत वकील झाला, मग इथे आला. विल्सन आधीच आलेला होता. दुबईतच रास अल खोरला त्याचं कोल्ड स्टोअर आहे, लोक त्यात फळं, भाज्या ठेवतात. नवरा गेल्यावर विल्सनने मला अल बर्शाच्या घरी आणलं. तिथे मला कळलं की आमचा वकील कोर्टात बोलतच नाही. इथल्या कोर्टाचं काम अरबीत चालतं, उभा राहतो तो इथला वकील. सायमन इंग्रजीत लिहायचा, दुसरा माणूस त्याचं अरबी करायचा, तिसरा ते न्यायाधीशापुढे मांडायचा. मी म्हटलं, "म्हणजे तू मुका वकील. एवढं शिकून काय उपयोग? लग्नात वऱ्हाडी बसतात तसा मागे बसतोस." तो हसून म्हणाला, "मावशी, बोलायचं ते माझ्या खोलीत आधीच बोलून झालेलं असतं. कोर्टात फक्त वाढून द्यायचं."

खोलीत म्हणजे काय ते मी एकदा पाहिलं. माझी मैत्रीण लुसी हिचा केटरिंगचा धंदा होता, भागीदाराशी वाद झाला. ती एकटी जायला घाबरत होती म्हणून मी सोबत गेले. सायमनने चहा मागवला, लुसीच्या मुलांची चौकशी केली. मग स्वतःची खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलली, फरफटवली नाही, उचलली, आणि तिच्या शेजारी आणून ठेवली. फोन उलटा घातला. आणि मला म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा."

"मी तिची मैत्रीण आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच," तो म्हणाला.

मला अपमान वाटला. बाहेरच्या सोफ्यावर मी फुगून बसले. दार लागता लागता त्याचं एक वाक्य कानावर पडलं... "लुसीबाय, लाजेची गोष्ट आधी सांगा. बाकीचं मी कागदात वाचीन." लुसी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चालताना ती हलकी दिसत होती. परतताना मी तिला खोदून खोदून विचारलं. तिने सांगितलं नाही. सायमनला विचारलं तर म्हणाला, "ते माझं नाही, तिचं आहे. मी कसं देऊ?" मग त्याने मला समजावलं. माणूस वकिलाकडे येतो तो स्वतःची चांगली बाजू घेऊन. वाईट बाजू घरी ठेवून येतो. पण समोरच्या पार्टीला तीच ठाऊक असते, आणि ती नेमकी भर बैठकीत बाहेर येते. म्हणून ती त्याला आधी हवी. आणि आपल्या माणसांसमोर कुणीही ती सांगत नाही. परक्यासमोर सांगेल, आईसमोर नाही. हे त्याने मला सांगितलं, मी मान डोलावली, आणि विसरून गेले.

मग विल्सनची केस आली. हमीदभाई नावाचे केरळचे एक व्यापारी नाशिकची द्राक्षं मागवायचे आणि विल्सनच्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवायचे. ऐन उन्हाळ्यात त्यांचा सगळा माल सडला. ते म्हणाले, तुमचं मशीन चाललं नाही. विल्सन म्हणाला, माल जहाजातूनच खराब आला. प्रकरण कोर्टात गेलं. मी विल्सनला म्हटलं, "घरचा वकील असताना बाहेर कशाला जातोस? सायमनला जेवायला बोलाव, बोलून टाकू." सायमनने फोनवर सांगितलं, "ऑफिसात या की." मी म्हटलं, "ऑफिसात परके येतात. तू घरी ये, पापलेट आणलंय."

तो आला. जेवला, काटे एका बाजूला नीट रचून ठेवले, हात धुतले. मग उभा राहिला, टेबलाच्या पलीकडची आपली खुर्ची उचलली आणि विल्सनच्या शेजारी आणून ठेवली. फोन उलटा घातला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, जरा..."

मी ताटं उचलत होते. मला लुसीचा दिवस आठवला, तो सोफा आठवला. म्हटलं, "माझ्या घरात मला बाहेर बसवतोस? काय विचारायचं ते इथेच विचार. आमच्या घरात लाजेचं काही नसतं."

विल्सन वाटीतल्या सोलकढीकडे बघत होता. सायमनने खुर्ची उचलली, जिथून आणली होती तिथे नेऊन ठेवली, पलीकडे बसला आणि म्हणाला, "बरं. मशीनचे कागद कुठे आहेत?" मला वाटलं, मी जिंकले. सोलकढी अजून देऊ का, असं मी त्याला विचारलं.

इथे अशा केसमध्ये कोर्ट एक तज्ज्ञ नेमतं. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, जागेवर जाऊन बघतो, आणि तो जे लिहितो त्याला फार वजन असतं. तो रास अल खोरला आला. हमीदभाई, त्यांचे वकील, विल्सन, सायमन सगळे हजर. तिथे काय झालं ते विल्सनने तेव्हा मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की सायमनने केस सोडली. मी विचारलं, का? विल्सन म्हणाला, "समोरच्या पार्टीला मिळाला. मोठे लोक आहेत ते, पुढे त्यांचं काम मिळेल त्याला. खलास." मी ते खरं मानलं. पोटच्या मुलाचं कोण खोटं मानतं? दुसरा वकील केला, केस हरलो, कोर्टाने ठरवलं ते विल्सनने भरलं आणि धंदा चालू राहिला. पण ते वाक्य आमच्या घरात राहिलं नाही. विल्सनने ते मित्रांना सांगितलं, मी रोझरीच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना सांगितलं. आपल्या लोकांत भांडण झालं की सगळे सायमनचं नाव सांगायचे, ते हळूहळू सांगेनासे झाले. नाताळच्या कार्यक्रमात तो आणि त्याची बायको ग्रेटा ज्या टेबलावर बसले होते तिथल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते.

त्याच सुमारास चर्चच्या आवारात तो समोर आला. "मावशी, कशा आहात?" म्हणाला. मी लोकांसमोर मोठ्याने बोलले, "बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने मी हो म्हणाले. ते चुकलंच माझं." बायका वळून बघायला लागल्या. त्याचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "विल्सनला विचारा, मावशी." आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली उघडत नव्हती ती घेऊन, उघडून परत दिली. मी पाणी प्यायले. विल्सनला विचारलं नाही.

सायमनला महिना झाला त्या दिवशी इथल्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा होती, तिला मात्र आम्ही गेलो. सून म्हणाली, न गेलो तर लोक काय म्हणतील. मिस्सा झाल्यावर सगळे ग्रेटाला भेटत होते. आमची पाळी आली. ती विल्सनचा हात हातात घेऊन सोडेना. म्हणाली, "विल्सन, तू त्याच्याबरोबर वाढलास. त्याने तुझी केस का सोडली? मी किती वेळा विचारलं. म्हणायचा, ते माझं नाही, विल्सनचं आहे. आता तो नाही. तू सांग." विल्सन बुटांकडे बघत राहिला. तीच मान, सोलकढीच्या वाटीवर वाकली होती ती. मागून कुणीतरी म्हणालं, "यल्ला, पुढे चला," आणि आम्ही पुढे सरकलो. पण मला जे कळायचं ते तिथे कळलं.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "तू मुलीला घेऊन खाली जा." विल्सनला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. पलीकडची खुर्ची उचलली. जड आहे, माझ्या हातांना झेपत नाही, पण उचलली आणि त्याच्या शेजारी ठेवून बसले. म्हटलं, "लाजेची गोष्ट आधी सांग." पन्नाशी ओलांडलेला माझा मुलगा, टेबलावर डोकं ठेवून बोलला. दोन मशिनांपैकी एक माल येण्याच्या आधीपासूनच बंद होतं. त्याला ठाऊक होतं. दुरुस्ती पुढे ढकलली, एकावर भागेल म्हणून हमीदभाईंचा माल घेतला. तज्ज्ञाने जागेवर स्टोअरच्या मशीनवाल्याला विचारलं, त्याने सरळ सांगून टाकलं. सायमनला हे तिथे, समोरच्या वकिलांच्या देखत कळलं. बाहेर येऊन त्याने विल्सनला सांगितलं, खरं मान्य कर, हमीदभाईंशी मिटवून टाकू, मी तुझ्याबरोबर राहतो. विल्सनला हवं होतं की मशीनवाल्याला नोकरीवरून काढणार होतो, त्याचा राग तो काढतोय, असं लिहावं. सायमन म्हणाला, हे मी लिहिणार नाही. आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी. मी त्या दिवशी विचारायला हवं होतं." विल्सनने हेही सांगितलं, "मम्मी, त्या दिवशी तू बाहेर गेली असतीस तर मी त्याला सांगितलं असतं." हे त्याने स्वतःला सोडवण्यासाठी सांगितलं की खरंच, ते मला माहीत नाही. पण मला ते खोडता आलं नाही.

वकिलाला स्वतःच्या बचावाचं एक वाक्य बोलता येत नव्हतं, कारण ते वाक्य आमचं होतं. आणि आम्ही त्याच्यावर बोलत सुटलो, कारण तो बोलणार नाही हे विल्सनला पक्कं ठाऊक होतं. मी जन्मभर लोकांना म्हणत आले, वकिलाचं तोंड विकाऊ असतं. याचं नव्हतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी विल्सनला सांगितलं, छापायला देण्याच्या आधी ग्रेटाला ऐकवायचं आणि वाचायचं तू. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने गाडीची किल्ली घेतली. ग्रेटाच्या घरी तो वाचत गेला, दोनदा अडला, पण वाचलं. शेवटी ग्रेटा म्हणाली, "तो घरी येऊन गप्प बसायचा. मला वाटायचं, माझ्यावरच रागावलाय. मीही बोलणं कमी केलं मग..." आणि उठून आत गेली. आम्हाला चहा विचारला नाही. बरोबर केलं. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "नावं गाळू नका. छापा."

नावं गाळली नाहीत.

जेवणाच्या टेबलाशी ती खुर्ची मी अजून विल्सनच्या खुर्चीशेजारीच ठेवली आहे. सून रोज केर काढताना पलीकडे सरकवते, मी परत आणून ठेवते. काल ती वैतागून म्हणाली, "मम्मी, जाता-येता सगळ्यांचे पाय अडखळतात तिथे."

"अडखळू दे," म्हटलं.