फोटोतले दात

दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं खाली आलं की फोटोवाले आजोबा बाटलीत दूध भरत, त्यात चमचाभर साखर घालत आणि दूध कोमट आहे का ते पाहायला बाटलीचं निपल आधी स्वतःच चोखत. मग तेच निपल नातीच्या तोंडात. पडद्यावर रंगवलेल्या निळ्या सरोवरापाशी गादी घातलेली असे. तिथे बाटली तोंडात धरूनच बबडी झोपी जाई आणि आजोबा पाय न वाजवता कामाला लागत.

काम म्हणजे फोटो सुधारणं. समोर बसवलेलं मूल रडू नये म्हणून ते आधी त्याच्या हाती लॉलीपॉप देत, ते हसलं की फोटो काढत, आणि हसण्यात जे काळंपिवळं दिसे ते संगणकावर पांढरं करत. आसपासच्या निम्म्या बाळांचे दात त्यांनी असे घासून दिले होते.

"खरे दात मात्र किडलेत हो," एखादी आई म्हणे.

"दुधाचेच ना? पडायचेच आहेत. उगाच ब्रश लावून लेकराला कशाला छळता?"

हे ते इतक्या खात्रीनं सांगत, की पडणं हीच दातांची नोकरी वाटावी.

बबडीची आई, म्हणजे त्यांची मुलगी, नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात गेली होती. जावई कायम फिरतीवर. आई गेली तेव्हा पोर रडून रडून घसा बसवून घ्यायची. गोड दुधाच्या बाटलीनंच ती गप्प झाली. आजोबांनी तो शोध जिवापाड जपला. वर दिवसभर हाताशी बिस्किटं.

पुढे हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटली. वाळलेलं दूध असेल म्हणून आजोबांनी ती रुमालानं पुसली. ती गेली नाही, तपकिरी झाली, आणि वरच्या दातांचे कोपरे विरघळू लागले. दर रविवारी आईला फोटो जात असे. त्या रविवारी आजोबांनी पहिल्यांदा नातीचे दात पांढरे केले. पोरगी तिकडे जीव टाकून शिकतेय, तिला कशाला घोर, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घोर त्यांनाच होता. कळलं तर मुलगी बबडीला उचलून नेईल, आणि दुकानात ते सरोवर तेवढं उरेल.

एकदा मुलीचा फोन आला. "बाबा, आज लहान मुलांची तोंडं शिकवली. बबडीचा तोंड उघडून अगदी जवळून फोटो पाठवा ना."

इतक्या जवळून नुसता रंग पुरेना. आजोबांनी जुने फोटो चाळले, एका हसऱ्या मुलाचे ठसठशीत पुढचे दात उचलले आणि नातीच्या हिरड्यांत बसवले. सावली जुळवली, ओठांचा ओलावा जुळवला. आयुष्यातलं सर्वांत सुबक काम झालं.

दोनच दिवसांत मुलगी दारात उभी.

"वर्गात मी तो फोटो मिरवला, बाबा. बाई म्हणाल्या, या दातांची कड करवतीसारखी आहे. पक्के दात आहेत, नुकते आलेले, सहा-सात वर्षांच्या मुलाचे. तुझी लेक फार घाईत दिसते." तिनं बबडीला मांडीवर घेऊन ओठ वर केला आणि एकेक दात बोटानं चाचपला.

"दुधाचेच आहेत गं," आजोबा म्हणाले.

"पडायला अजून चार वर्षं आहेत. तोवर ती चावणार कशानं, तुमच्या संगणकानं?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपताना बाटली?"

"हो."

"गोड?"

"थोडं."

"आधी कोण चाखतं?"

"मीच," आजोबा जरा ताठ झाले. "चटका बसू नये म्हणून."

"म्हणजे तुमच्या तोंडातले जंतूही घरपोच. आणि ब्रश?"

आजोबा बबडीच्या फ्रॉकची बटणं लावू लागले.

दोन दात वाचण्यासारखे होते, दोन काढावे लागले. हात आजोबांनीच धरले होते. बबडी डॉक्टरीणबाईंकडे नाही, त्यांच्याकडे बघत रडली.

घरी मुलगी लेकीचे फ्रॉक बॅगेत भरू लागली. "हॉस्टेलजवळ पाळणाघर आहे," एवढंच म्हणाली. आजोबांना काही सुधारता येईना.

मुलगी आठवडाभर राहिली. दुपारी बबडीनं बाटली मागितली, की आजोबा कपात पाणी देत. तिनं कप भिरकावला. शेजारचा शिंपी शटरखालून वाकून म्हणाला, "अहो, द्या की चमचाभर साखर, आमचे कान वाचतील." आजोबांनी दिली नाही. पोर खांद्यावर थकेपर्यंत ते सरोवराच्या काठानं येरझाऱ्या घालत राहिले. लॉलीपॉपची बरणीही त्यांनी रिकामी करून टाकली. फोटोत मुलं भोकाड पसरू लागली.

"रडका फोटो भिंतीवर कोण लावणार?" एक आई फणकारली.

"रडताना मागचेही दात दिसतात. बघून घ्या."

मुलगी आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. निघायच्या सकाळी तिनं बॅग उघडली, फ्रॉक परत कपाटात ठेवले आणि एकटीच निघायला चपला घातल्या. मोरीपाशी बबडीला मांडीत आडवी घेऊन आजोबा ब्रश फिरवत होते. तिनं त्यांचं बोट कचकन चावलं.

"चाव हवं तर," ते म्हणाले. "पण तोंड मिटू नकोस, वरचे राहिलेत अजून."