अधिक सतरा किलोकॅलरी

बाळांनो, परवा तुमच्यातल्या धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, जळताना उष्णता बाहेर पडते, मग पुस्तकात उणे का लिहितात?" उत्तर मी लगेच दिलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. याच चिन्हापायी माझं कॉलेज सुटलं. तुमच्या आईलाही हे कधी सांगितलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

साठ सालाच्या थोडं आधीची गोष्ट. यवतमाळला आत्याकडे राहून मी इंटर सायन्सला होते. बाबांची कपाशीची शेती कळंबजवळ. मला सोडून जाताना त्यांनी बजावलं होतं, "पास झाली तं पुढं शीक. नाही तं नेरचं स्थळ तयार आहे, मंग मले काही सांगू नको." आणि पूर्वपरीक्षेत रसायनात नापास होणाऱ्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नसत.

माझं पुस्तक चुलतभावाचं, जुनं. त्यात कोळसा जळाला की समीकरणाच्या शेवटी "अधिक चौऱ्याण्णव किलोकॅलरी" छापलेलं असे. आपल्या हाती आली ती उष्णता, म्हणून अधिक. नवे प्राध्यापक उलट शिकवत: पदार्थाने गमावली, म्हणून उणे. वर्गात मी त्यांची रीत उतरवून घेई आणि घरी जुन्या पुस्तकातून सराव करी. आकडे तेच येत, त्यामुळे मी निर्धास्त होते.

पूर्वपरीक्षेच्या पेपरात मिथेन तयार होतानाची उष्णता काढायची होती. समीकरणं तोलली, कोळसा आणि हायड्रोजन जळतानाच्या उष्णतेची बेरीज केली, त्यातून मिथेनची वजा केली आणि लिहिलं, अधिक सतरा किलोकॅलरी. सगळं उदाहरण तांबड्या शाईने खोडून परत आलं. पास व्हायला तेवढेच गुण कमी पडले.

मी प्राध्यापकांना भेटले. त्यांनी विचारलं, "मिथेन तयार होताना उष्णता बाहेर पडते की नाही?"

"पडते सर, म्हणूनच अधिक लिहिलं."

"माझ्या वर्गात त्याचा अर्थ शोषली जाते असा होतो."

होतच होता. पेपर उचलून मी बाहेर पडले.

घरी आत्या भाकरी थापत होती. "काहून रडून राह्यली वं?" मी सांगितलं, तर म्हणाली, "अधिकाले तं एक रेघ जास्तीच लागते. मंग मार्क कमी कायले देले त्यायनं?" मला हसू आलं आणि मग आणखीच रडू आलं.

रविवारी बाबा आले. सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरचं चुकलं काय?"

"नाही बाबा."

"मंग तुयं चुकलं?"

"तसंही नाही. दोन्ही रीती बरोबर आहेत."

"दोन्ही बरोबर असन तं तुले नापास काहून केलं?"

कुठली रीत धरली आहे ते आधी ठरलेलं लागतं, एवढंच उत्तर होतं. त्यांना पटेल अशा शब्दांत मला ते सांगता आलं नाही. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेली.

लग्न नेरलाच झालं. तुमचे आजोबा भले माणूस होते, त्यांच्याबद्दल ही तक्रार नाही. पदवी राहिली ती राहिलीच. समीकरणं मात्र मला अजून बिनचूक तोलता येतात.