वस्तू धरून उभी असलेली बाई

चंद्रपूरच्या एका छोट्या मानववंशशास्त्र संग्रहालयात मी जुन्या प्रदर्शनांची कागदपत्रं स्कॅन करायचं काम करतो. दर प्रदर्शनाचा एक खोका. त्यात निमंत्रणपत्रिका, मांडणीचा नकाशा, वस्तूंपाशी लावलेल्या चिठ्ठ्या, अभिप्रायाची वही आणि फोटो. सरकारी भाषेत याला अभिलेख म्हणतात. वाळवीचं जेवण उरकल्यावर कोणाला तरी वाटलं की हे जपायला हवं, आणि मग मला घेतलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी मुळात चिडका, आणि हे फोटो पाहून जास्तच चिडतो. फीत कापणाऱ्या पाहुण्याचा फोटो समोरून, डावीकडून, उजवीकडून. शाली, नारळ, व्यासपीठावर जांभई देणारे, सगळे जपून ठेवलेले. ज्यांनी वस्तू केल्या त्यांचा पत्ता नाही. लग्नाच्या अल्बमात नवरीच नसावी, तसला कारभार.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी भामरागडकडून एक बाई आणि एक म्हातारा आले. बाई एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. म्हातारा तिचा मामा. साहेब नाहीत म्हणून पहारेकऱ्याने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. मी चहाला निघालो तेव्हा बाई उठली.

"भाऊ, मायचा फोटो पाहाले आलो."

मला वाटलं, चुकून आल्या असतील. पण तिने नीट सांगितलं. ती रांगत होती तेव्हा पुराच्या दिवसांत तिची आई तापाने गेली. नदीने रस्ता बंद केलेला, दवाखाना गाठता आला नाही. घरात फोटो नाही, आणि आईचा चेहरा तिला आठवत नाही. आता तिच्या पोरीचं लग्न जुळलं होतं. पोरीचं म्हणणं, आजीचा फोटो भिंतीवर लावू. तेव्हा मामाला आठवलं की बहिणीला एकदा बांबूच्या वस्तूंच्या प्रदर्शनासाठी जीपमधून चंद्रपूरला नेलं होतं आणि तिचे फोटोही काढले होते. तिच्यासोबत मामाही आला होता, तेव्हा पोरसवदा होता.

चहा राहिला. बांबूच्या प्रदर्शनाचा खोका माझ्या माहितीचा होता. मी बल्लारपूरचा. माझ्या लहानपणी बांबू म्हणजे पेपर मिलच्या फाटकाबाहेरच्या ट्रकांची रांग आणि गावभर पसरलेला वास. बांबूतून सूप, टोपली निघते हे मला या खोक्याने शिकवलं.

मी फोटोंचं पाकीट उघडून टेबलावर मांडलं. काळे-पांढरे फोटो, मागे चादर टांगलेली, आणि प्रत्येकात एक बाई वस्तू धरून उभी. मामाने पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. "हेच. हे माहीच बहीन."

बाई वाकली. फोटोत सूप होतं. सुपाच्या कडांना धरलेली बोटं होती, खाली पातळाचा काठ होता, अनवाणी पाय होते. चेहरा सुपाआड.

दुसऱ्यात टोपली, चेहरा टोपलीआड. तिसऱ्यात तट्टा, म्हणजे बांबूची विणलेली चटई, त्यात तर बोटांखेरीज काहीच नाही. मी एकेक फोटो सरकवत गेलो, सगळ्यांत तेच. सगळा गठ्ठा संपला. बाई एकटक पहिल्या फोटोतल्या पायांकडे पाहत होती.

"असं काऊन केलं जी?" तिने विचारलं.

उत्तर मामाने दिलं. "तो फोटोवाला म्हणे, वरते धर. आनखी वरते. तोंड नाई पाह्यजे म्हणे."

ती त्या काळची कामाची रीतच होती. फोटो वस्तूचा, तेव्हा पाहणाऱ्याची नजर माणसाकडे जाऊ नये. चिठ्ठीतही वस्तूचं माप आहे, बांबूची जात आहे, धरणारीचं नाव नाही. गरज सरो, वैद्य मरो. त्या फोटोवाल्याचा मला इतका राग आला की तो समोर असता तर मी त्यालाच चादरीपुढे उभा करून तोंडावर सूप धरलं असतं.

बाईने पदराने डोळे पुसले आणि पिशवी उचलली. परतीची एसटी गाठायची होती. मग मला आठवलं की खोक्याच्या तळाशी बाद फोटोंचं आणखी एक पाकीट असतं. हललेले, अंधारलेले, बिघडलेले. ते मी अजून स्कॅनला घेतलं नव्हतं.

"बाई, जरा थांबा," मी म्हणालो.

त्या पाकिटात मासे धरायच्या सापळ्याचा एक फोटो निघाला. सापळा बांबूच्या कामट्यांचा, दोन कामट्यांमध्ये बोटभर फट. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "चेहरा दिसतो. पुन्हा काढणे."

मी भिंग दिलं. एका फटीत डोळा होता, दुसरीत नाकाची बाजू आणि चमकी, तिसरीत दात. फोटोतली बाई हसत होती.

मामा पुढे झाला. "मी हासवलो तिले. फोटोवाल्याच्या मांगून तोंड वाकडं केलो. मंग मले बाहेर काढलं त्यानं." एवढं बोलून तो स्टुलावर बसला आणि रडू लागला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बाईने भिंग खूप वेळ सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "हे तं माह्या पोरीएवढी हाये. मले वाटे, माय मोठी असन."

तिच्यासाठी आणखी काही करावं असं वाटलं, म्हणून मी म्हणालो, "बाई, आता कॉम्प्युटरवर या कामट्या पुसता येतात. मधला चेहरा तो भरून देतो. भिंतीवर लावायला पूर्ण चेहरा मिळेल."

"भरते म्हंजे? कुठून आनते?"

"अंदाजाने. दुसऱ्या पुष्कळ बायांचे चेहरे पाहून."

ती मामाशी त्यांच्या माडिया बोलीत काही बोलली. मामाने मान हलवली. मग तिने भिंग टेबलावर ठेवलं.

"नको भाऊ. जेवढी दिसून राह्यली, तेवढी माही माय हाये. बाकीची दुसऱ्या कोनाची राहीन."

मी कामट्यांसकट फोटो छापून दिला.