चार बोटांची फट

मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी एका सातमजली इमारतीत धोंडूमामा राहतो. सत्तरीला आलाय, पण जिभेची धार तशीच. भांडुपच्या गाळ्यात त्याने चाळीस वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यांसाठी धुराच्या नळ्या घडवल्या. भल्याभल्या मालकांना त्याने "माका शिकवू नको" म्हणून गप्प केलंय. आणि याच माणसाची सख्खी धाकटी बहीण नलिनी वर टेकडीवरच्या बैठ्या चाळीत, पत्र्याखाली, रोज चुलीचा धूर गिळत बसायची.

नलिनी तांदळाच्या भाकऱ्या करून विकते. घरात गॅस आहे, पण तो चहापुरता. नाहूरपर्यंतची गिऱ्हाइकं चुलीवरचीच भाकरी मागतात आणि नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चाललंय. मागच्या वर्षी खोकला काही केल्या थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा धूर बंद करा, नाहीतर छाती कायमची जाईल.

"चूल सोडून माका कोण खावक घालतलो?" असं म्हणून ती भावापुढे रडली. मामाला स्वतःचीच लाज वाटली. साऱ्या मुंबईची धुराडी केली आणि बहिणीचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी तो फूटपट्टी घेऊन हजर झाला. उघडी चूल मोडून त्याने विटांची बंद चूल बांधली आणि तिच्या पाठून जाड पत्र्याची नळी सरळ छपराबाहेर काढली. लाकडी वाशापासून ती चांगली हातभर लांब ठेवली. वर पावसासाठी टोपी बसवली आणि टोपी न् नळी यांच्यामध्ये धूर निघायला चार बोटांची फट सोडली.

नलिनीचा मुलगा राजेश कुरिअरच्या ऑफिसात कामाला आहे. तो म्हणाला, "मामा, भिंतीतून वळवून काढू ना. छपराला भोक कशाला पाडतोस?"

"धूर काय तुझो नोकर आसा, तू सांगशीत तसो वळाक?"

चूल पेटवण्याआधी मामाने गाऱ्हाणं घातलं. ही कोकणातली रीत, एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मामाने मात्र देवाच्या नावाखाली घरच्यांनाच दम भरला.

"बा देवा म्हाराजा! चूल पेटलेली असताना ही खिडकी बंद होता नये!"

"व्हय म्हाराजा!"

"दर म्हयन्याक नळीतली काजळी काढूक व्हयी!"

"व्हय म्हाराजा!" राजेश फोनमध्ये बघत म्हणाला.

मग चूल पेटली. मामा बाहेर जाऊन धूर नीट वर जाताना पाहून आला, तेव्हा कुठे त्याने भाकरीचा तुकडा मोडला. नलिनीचा खोकला दोन महिन्यांत उतरला. मामाला मात्र सवय लागली. रोज सकाळी साडेसहाला तो चहा घेऊन खिडकीत उभा राही. वरच्या छपरांतून नलूचा धूर दिसला, की मगच पहिला घोट.

मे महिना आला. पावसाळ्याच्या तयारीला सगळी चाळ छपरावर चढली. डांबर, पत्र्याचे तुकडे, निळं प्लास्टिक, जे हाताला लागेल त्याने दिसेल ती फट बुजवायची. राजेशनेही बुजवल्या. शेवटी टोपीखालची फटही त्याने पत्र्याची पट्टी गुंडाळून तारेने आवळून टाकली. आईच्या चुलीत पाणी पडू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

दुसऱ्या दिवशी मामाच्या हातातला चहा निवला, तरी धूर दिसेना. सोमवारी नलिनीची सुट्टी असते, पण हा गुरुवार होता. त्याने फोन लावला.

"पेटवलंय रे दादा," नलिनीचा आवाज जड होता. "पण धूर घरातच येता. डोक्यात घण पडतत."

"खिडकी उघडी आसा मां?"

"शेजारी डांबर तापवतत. वास येता, म्हणान लावलंय."

"नलू, भायर ये! आत्ताच्या आत्ता! राजेशाकव उठव!"

मामा पायऱ्या चढून पोचला, तेव्हा राजेशने आईला धरून बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं. तिने दोनदा ओकारी काढली होती. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळपर्यंत तिला हुशारी आली. अजून थोडा वेळ गेला असता तर हाताशी काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मामाने छपरावर चढून ती पट्टी कापली आणि राजेशसमोर धरली. राजेशचे डोळे भरून आले. "तिच्यासाठीच केलं रे मामा."

शिव्या मामाच्या ओठांवर होत्या, पण त्याने भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गाऱ्हाण्यात फटीचा सांगूचा माझ्याकडसूनच ऱ्हवला."

नलिनी घरी आल्यावर गाऱ्हाणं पुन्हा घातलं, फटीसकट. राजेशचा हुंकार खालच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला.

"दादा, पण तुका खाली बसान कळला कसा?" नलिनीने विचारलं.

"धूर दिसाक नाय."

"म्हंजे तू रोज बघतंस?"

"चाय घेताना दिसता," मामा तुटकपणे म्हणाला आणि चपला शोधू लागला.

नलिनी अजूनही सोमवारी भाकऱ्या करत नाही. पण साडेसहाला खिडकी उघडते आणि चुलीत दोन सुक्या काटक्या पेटवते, खाली दादाचा चहा निवू नये म्हणून.