उसवलेली कुंची

बावधनला क्रोशाचा क्लास घेणाऱ्या बाईंनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. माझ्या हातच्या वस्तूत त्यांनी मला फसवलं, आणि वर म्हणाल्या, "तुमचं भलंच झालं की, ताई."

माझा धंदा शेळ्या-बोकडांचा. कासारसाईच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमचं घर. सासरी मेंढरं होती, राखणारी माणसं होती, पण विकायची अक्कल कोणाला नव्हती. व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन घरी यायचे. आमचे मालक तर इतके मुखदुर्बळ, की समोरच्याने भाव पाडला तर हेच वरमायचे. मग मी स्वतः बाजारात उभी राहिले. तिथे सौदा तोंडाने होत नाही, टॉवेलाखाली हातात हात घालून बोटं दाबून होतो. बाईच्या हातात हात कोण घालणार? मला कोणी सौद्यात धरेना. मी म्हटलं, टॉवेल नको तर नको, मी मोठ्याने बोलते. सगळ्या बाजाराला भाव ऐकू जायला लागला तेव्हा तेच व्यापारी म्हणाले, "आक्का, हळू." तिथून माझा धंदा उभा राहिला. जनावराचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय मी आजवर एक करडू घेतलेलं नाही.

मग गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. धंदा पोरांनी बघायला घेतला आणि मी ओसरीवर बसून त्यांच्या चुका मोजू लागले. त्याच सुमारास सूसला दिलेल्या लेकीला दिवस गेले.

आमच्यात बारशाला आजोळची कुंची लागते. डोकं, कान, पाठ असं सगळं झाकणारी, गळ्याशी बंद बांधायची. काही घरांत ती आत्या आणते, आमच्यात आईची आई. ती घालूनच बाळ पाळण्यात जातं. आता दुकानात टांगलेली मिळते, पण विकत आणली तर बायका हातात धरून उलटी करून बघतात आणि काही न बोलता खाली ठेवतात. ते न बोलणं मला माहीत आहे. माझ्या लेकीच्या बारशाला माझी आई आजारी होती आणि मला पोती शिवायच्या दाभणाखेरीज सुई ठाऊक नव्हती. शेजारणीची कुंची मागून आणली. पाळणा म्हणून झाला आणि हळदीकुंकू संपायच्या आत त्या बाईने ती माझ्या पोरीच्या डोक्यावरून काढून नेली. "धुवायची हाय," म्हणाली. नातवंडाची कुंची मी माझ्या हाताने करणार, हे मी लेकीला सांगितलं, आणि विहिणीलाही फोन करून सांगितलं. तिथेच माझ्या जिवाला घोर लागला.

बावधनच्या एका सोसायटीत दुपारी क्लास असतो, हे तिथे बकऱ्याचं मटण पोचवणाऱ्या माझ्या पोराने सांगितलं. मी गेले. क्लबहाऊसमध्ये गोल करून बसलेल्या बायका, मधोमध बाई. गोरीपान, चष्मा साखळीला लावलेला, बोलणं मधाळ. फी सांगितली.

"बाई, जरा कमी करा की. मी लांबनं येतीया."

"ताई, आमचे रेट फिक्स असतात हो."

"फिक्स फकस्त मरण आसतंय, बाई. बाकी सगळं बसून ठरतंय."

बायका हसल्या. शेवटी फी तीच राहिली, पण दोरा आणि मलमल बाईंनी द्यायची, असं मी ठरवून घेतलं. जिंकल्यासारखी घरी आले.

पुढचे दिवस मी माणसात नव्हते. आधी शिवण. अस्तराला धावदोरा घालायला शिकवला. माझा टाका एक पुण्याला, एक पौडला. उसवा, परत घाला. मग क्रोशा. एवढीशी सुई, टोकाला आकडा. दोरा त्यात अडकवायचा, ओढायचा, साखळी करायची, साखळीवर खांब उभे करायचे. शेजारच्या कॉलेजातल्या पोरी मोबाइलवर गप्पा मारत करायच्या. माझ्या हातात सुई अशी फिरायची की जणू विहिरीतून बादली काढतेय. खेचून खेचून टाके इतके घट्ट व्हायचे की पुढच्या फेरीला त्यांत सुईच शिरायची नाही.

"हात सैल सोडा, ताई."

"सैल सोडला की शेळी पळतीया, बाई."

परत हसू. पण मला हसू येत नव्हतं. कुंचीचा टाळूचा भाग मधून सुरू करून गोल गोल वाढवत न्यायचा असतो. खांब कमी पडले की त्याची वाटी होते, जास्त झाले की कडेला झालर सुटते. माझी कधी वाटी, कधी झालर. घरी सुई भिंतीवर फेकली. मालकांनी ती उचलून गपचूप माझ्यापुढे ठेवली, त्याचाही राग आला. "शिकवा मला आता तुमी!" म्हणून त्यांच्यावर ओरडले. ते अंगणात जाऊन बसले.

खरं सांगायचं तर मला चीड येत होती ती वेगळ्याच गोष्टीची. बाजारात समोर माणूस असतो. त्याच्यावर ओरडता येतं, उठून जायचं नाटक करता येतं, तो हाक मारून बोलावतो. दोरा हाक मारत नाही. त्याच्याशी भाव करता येत नाही. पण सोडवतही नव्हतं. दुपार झाली की पाय आपोआप रिक्षाकडे. ही एकच वस्तू अशी होती की जिची किंमत किती येईल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा कुंची पुरी झाली. वाकडी होती, ते मलाही दिसत होतं. डावा कान उजव्यापेक्षा खाली, टाळू जरा टोकदार, अस्तराचे टाके चालता चालता ठेच लागल्यासारखे. पण कुंची होती. डोक्यावर घातली तर कुंचीच दिसली असती. शेवटचा टाका घातला तेव्हा क्लासातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान खाली घालून दोरा गुंडाळत बसले. डोळे भरले होते, ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे ठेवून जा, ताई. धुऊन, ताणून, इस्त्री करून देते. फिनिशिंग महत्त्वाचं. सगळं सरळ होतं."

"वाकडा कान बी?"

"कानसुद्धा."

ठेवून आले. लेक बाळंत झाली, नात झाली. बारशाच्या आदल्या दिवशी पोरगा बाईंकडून खोका घेऊन आला. पांढरा कागद, गुलाबी रिबन, वर फूल. इतकं देखणं बांधलेलं की मला ते सोडवेना. आयुष्यभर जनावराचे दात बघणारी मी, त्या दिवशी खोका न उघडता कपाटात ठेवला. तिथे चुकले.

बारशाला सूसहून विहीण आली, बरोबर तिच्या जावा, शेजारणी. विहिणीचं आणि माझं पटत नाही. लग्नात मानपानाच्या साड्यांवरून मी तिला बोलण्यात गप्प केलं होतं, ते ती विसरलेली नाही. मी सगळ्यांपुढे रिबन सोडली. कुंची बाहेर काढली. लोण्यासारखी मऊ. दोन्ही कान एका रेषेत. टाळू अर्ध्या कलिंगडासारखी गोलाईदार. मला वाटलं, धुण्याने काय जादू होते बघा! मला माझंच इतकं कौतुक वाटलं की मी सांगून मोकळी झाले, "सगळी माझ्या हातची हाय. टाका न् टाका."

बायकांनी कुंची हातोहात फिरवली. उलटी करून बघितली. आणि या वेळी बोलल्या. "लई झ्याक." "मशिनवानी हाय."

विहिणीने ती शेवटी हातात घेतली. तिला क्रोशा येतो, तिच्या दाराला तोरण तिच्याच हातचं आहे. तिने टाळूवरून बोट फिरवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाई, ही गोलाई कशी काय जमवली वो? एवढा गोल करून दाखवा की. आमाला बी शिकू द्या."

सुई आणि उरलेला दोरा खोक्यातच होता. नाही कशी म्हणणार? मी बसले, सुरू केलं. सगळ्या बायका वाकून बघताहेत, पाळण्यात पोर कुरकुरतेय, आणि माझ्या हातात वाटी वळतेय. घट्ट, टोकदार, माझी ती नेहमीची वाटी. ती विहिणीने कुंचीच्या टाळूशेजारी धरली. काही बोलली नाही. तिची जाऊ मात्र बोलली, "आवो, बोकडं इकणाऱ्या बाई हायेत त्या, कुंची बी घासाघीस करून आणली आसंल." सगळ्या हसल्या.

लेक पाळण्याजवळून म्हणाली, "आई, असू दे ना. विकत आणलीस तरी काय झालं?"

तिनेही तसंच धरलं होतं. माझ्या पोटच्या पोरीने. कुंची अशी आणि वाटी तशी, हे कसं ते मलाच कळेना. पण डोकं चालायला लागलं होतं, आणि संध्याकाळी बायका गेल्यावर मी कुंचीचं अस्तर उलटून बघितलं. धावदोरा सरळ, मुंग्यांची रांग. एकही ठेच नाही. माझा टाका कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बावधनला. क्लास भरलेला. बाईंच्या पुढ्यात कुंची टाकली.

"ही कुनाची?"

बाई जरासुद्धा दचकल्या नाहीत. चष्मा काढला. "तुमचीच हो, ताई. थोडी सावरली मी."

"थोडी?"

"अहो, फार घट्ट झाली होती. तान्ह्या बाळाला टोचली असती. धुतल्यावर तर आणखी आकसली. मग उसवली आणि परत विणली. दोरा तोच आहे. मी वेगळे पैसे तरी मागितले का?"

"उसवली."

"हो."

"सगळी?"

"सगळीच उसवावी लागली. पण किती छान झाली बघा! तुमचं भलंच झालं की, ताई."

मी म्हटलं, "बाई, मी बाजारात एक करडू पसंत केलं आणि तुमी माझ्या माघारी दावणीला दुसरं बांधलं, तर ते कितीबी दांडगं आसूं दे, बदललेलंच म्हणायचं."

"ही काय तुलना झाली?"

"आन् माझं करडू कुटं हाय ते सांगा."

तेव्हा त्या थोड्या चिडल्या. म्हणाल्या, "दोरा तर माझाच होता ना, ताई? तुम्हीच तसं ठरवून घेतलं होतंत."

मीच केलेला सौदा त्यांनी माझ्या तोंडावर मारला. बाजारात इतकी वर्षं काढली, असा मार कधी खाल्ला नव्हता. क्लासातली एक बाई मात्र हातातली सुई खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, माझा टेबलक्लॉथ पण फिनिशिंगला नेला होतात तुम्ही." बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "चला, पुढची फेरी," म्हणाल्या.

मी निघून आले. तेव्हापासून त्या बाईंचा फोन नाही, निरोप नाही. नात ती कुंची घालून झोपते. छान झोपते, हेही खोटं कसं म्हणू? लेक सासरी जाताना ती तिने पिशवीत घातली, मला विचारूनच घातली. "घालू ना गं?" म्हणाली. मी घाल म्हटलं. पोरीला थंडी वाजू नये, एवढं मलाही कळतं.

मी दुसरी कुंची करायला घेतली आहे. दोरा स्वतःच्या पैशाने आणला, भाव न करता आणला. हात अजून घट्टच आहे. आणि पोरीचं डोकं माझ्या सुईपेक्षा भराभर वाढतंय. मी टाळू पुरी करते तोवर ती तिला लहान झालेली असते. उसवते, परत मोठी धरते. ती कधी पुरी झाली तरी बारशाची होणार नाही. बारसं एकदाच होतं. त्या दिवशीची माझी कुंची वाकड्या कानाची होती, पण होती. ती आता कुठेच नाही, आणि सूसच्या घरोघरी बायका सांगतात की ती कधी नव्हतीच.

बाईंनी फीचं बोलू नये. दोऱ्याचंही बोलू नये. हवा तर त्या दोऱ्याचा दाम मी दुकानच्या भावाने देते. मला एवढंच हवंय, की त्यांनी सूसला माझ्या विहिणीच्या घरी यावं. चार बायका बोलावून घ्यायचं काम माझं. त्यांच्यापुढे बसून बाईंनी आपल्या तोंडाने सांगावं, की या बाईने कुंची पुरी केली होती, आणि तिला न विचारता ती मी उसवली. विहिणीने प्रश्न विचारले तर उत्तरं द्यावीत. माझ्या लेकीने विचारले तर तिलाही द्यावीत. न्यायला गाडी मी पाठवते. कोणत्या दिवशी येता, बाई, बोला.