बंद दाराच्या दोन्ही बाजूंना

मंडळी, आज घडलेलं लगेच लिहून राहिले.

आम्ही नवराबायको नऊ वर्षं जर्मनीत नोकरी करतो. सध्या सुट्टीत माहेरी, अहमदपूरला आलोय. आज दुपारी मी नवऱ्याबरोबर बाजारात गेले आणि माझी सहा वर्षांची ओवी बाथरूममध्ये अडकली. आतली कडी घट्ट बसली होती.

बाहेरून माझी आई सांगत होती, "बाळा, कडी वर उचल अन् मागं वढ." आतून ओवी जर्मनमध्ये किंचाळत होती. दोघींना एकमेकींचं काहीच कळत नव्हतं. शेवटी आईनं मला फोन लावून तो दाराशी धरला. मी भर बाजारात जर्मनमध्ये ओरडून सांगितलं, तेव्हा कडी निघाली.

घरी आले तेव्हा ओवी रडून रडून झोपली होती. आई म्हणाली, "मला 'भिऊ नको' एवढंबी तिला सांगता आलं न्हाई गं."

बढत्या मिळवल्या, तिथं घर घेतलं. घरात मराठी बोलायचं तेवढं रोज उद्यावर ढकललं.

परवा आम्ही परत निघतोय. एवढ्या मोठ्या लेकराला कुणी नव्यानं मराठी शिकवलंय का? सांगा हो, हात जोडते.