फॉन्ट बदलल्यावर दिसलेली ओळ

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतेय. आज लिहायला बसले, कारण मिस्टर चार दिवस गावाला गेलेत... ते घरात असते तर म्हणाले असते, कशाला उकरून काढतेस. आधीच सांगते — मी बी.एस्सी. झालेली बाई. अमावास्या, लिंबू-मिरची, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आजही कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणते. पण ही एक गोष्ट घडली, आणि तेव्हा मी तिथे होते.

साधारण 2002 सालची गोष्ट. नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान होतं. एक गाळा, एक कम्प्युटर, एक प्रिंटर, बस. लग्नपत्रिका, वकिलांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं यायची. पण माझं नाव झालं होतं ते वेगळ्याच कामासाठी. कोणाच्याही कम्प्युटरवर मराठी दिसेनासं झालं की लोक फ्लॉपी घेऊन माझ्याकडे यायचे.

आताच्या मुलांना हे कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. तेव्हा मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला वेष होता. तुम्ही 'र' टाइप केला तरी कम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी जे असायचा. फॉन्ट लावलेला असला की मराठी दिसायचं. फॉन्ट नसला की सगळा इंग्रजी अक्षरांचा काला. उलटंही व्हायचं... एका पतसंस्थेच्या मशीनवर कोणीतरी सेटिंग बदलून ठेवलं, तर वरच्या मेनूत 'फाइल'च्या जागी 'थ्पसम' दिसायला लागलं. तिथला क्लार्क घाबरून फोनवर म्हणाला, "मॅडम, कम्प्युटर कानडी बोलायला लागला." मी जाऊन दोन मिनिटांत नीट केलं. सांगायचा मुद्दा, या असल्या गडबडी माझ्या हातातल्या होत्या.

दुकान झाडायला कमल यायची. चेहेडीकडे तिच्या घरची शेती, झेंडू आणि भाजीपाला. शेजारच्या दवाखान्यात शांताबाई काम करायच्या, त्यांची ही बहीण. शांताबाईंनीच तिला माझ्याकडे आणलं होतं. "ताई, ही माझी धाकटी. कामाला चोख हाय." तेव्हापासून आमच्या लाइनीतले सगळे तिला शांताबाईची धाकटी असंच म्हणायचे. पंचविशीची, काटक. शाळेत कधी गेलेली नव्हती. अंगठा लावायची.

सकाळी साडेआठला मी शटर उघडायचे, कम्प्युटर चालू करायचे. वर्डचं कोरं पान आपोआप उघडेल असं मी करून ठेवलं होतं. मशीन सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात मी कोपऱ्यावरून थर्मासमध्ये चहा आणायचे आणि कमल झाडून-पुसून घ्यायची. की-बोर्डवरून फडकं फिरवताना पानावर काहीबाही अक्षरं उमटायची. चहा घेऊन आल्यावर मी ती अक्षरं पुसून टाकायचे आणि कामाला लागायचे. रोजचंच होतं ते.

एक दिवस चहा घेऊन आले. पानावर एकच ओळ होती.

Egkrkjh mBwu clyh

पुसायला हात गेला आणि थांबला. नेहमीच्या काल्यात एकच अक्षर वीस-वीस वेळा उमटायचं. इथे नीट तीन शब्द होते, मधे जागा सोडलेल्या. सवयीनेच मी ओळ सिलेक्ट केली आणि मराठी फॉन्ट लावला.

म्हातारी उठून बसली.

मला हसूच आलं. "कमल, टायपिंग शिकलीस की काय?" ती म्हणाली, "काय केलं ताई मी? काय बिघडलं का?" खरोखर घाबरली होती. मी म्हटलं काही नाही, आणि ओळ पुसून टाकली. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण त्या ओळीतला 'ठ' शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाही. 'म्ह'मधला अर्धा 'म'सुद्धा. फडक्याने पुसताना दोनदा नेमक्या वेळी शिफ्ट... दुपारभर ते डोक्यात राहिलं. कमल गेल्यावर मी स्वतः फडकं घेऊन दहा-पंधरा वेळा की-बोर्ड पुसून पाहिला. एकही शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी कमल हसतच आली. तिची सासू आठ महिने अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ बंद. कमल म्हणाली, "ताई, काल दुपारी आमची म्हातारी उठून बसली. कुणी हात लावला नाय. भिताडाला टेकून बसली अन् चहा मागितला."

मी विचारलं, "किती वाजता?"

"मी इथून घरी गेले, त्याच्यानंतर. बारा-साडेबारा झाले असतील."

ओळ पावणेनऊला उमटली होती. तिला मी काही सांगितलं नाही.

आठवड्याने ती म्हातारी गेली. तेराव्यापर्यंत कमल आली नाही. त्या दिवसांत मी वर्ड आपोआप उघडायचं सेटिंग काढून टाकलं. स्वतःला सांगितलं, मशीन स्लो होतंय म्हणून काढलं.

पुढे दीड-दोन महिने काहीच झालं नाही. उन्हाळा लागला. एका शाळेच्या वार्षिक प्रश्नपत्रिकांचं काम आलं होतं, म्हणून त्या सकाळी मी आल्या आल्या वर्ड उघडून कोरं पान घेतलं. चहाला गेले नाही. दारात उभी राहून शाळेच्या शिपायाची वाट बघत होते. कमल आत पुसत होती. की-बोर्ड झटकून तिने भिंतीला उभा टेकवून ठेवला होता आणि ती मॉनिटरची काच पुसत होती. मी सहज वळून पाहिलं.

पानावर अक्षरं उमटत होती.

की-बोर्ड भिंतीला टेकलेला. कमलचे दोन्ही हात काचेवर. आणि फडक्याच्या बाजूने एक-एक अक्षर पुढे सरकत होतं... घाई नाही, थांबणं नाही, सावकाश टाइप करणाऱ्या माणसासारखं. मधेच एक अक्षर मागे पुसलं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं. कोणीतरी चूक दुरुस्त करावी तसं. मग थांबलं. कर्सर तेवढा उघडझाप करत राहिला.

कमल बादली उचलून बाहेर पाणी ओतायला गेली. मी खुर्चीत बसले. ओळ सिलेक्ट केली, फॉन्टची यादी उघडली, घाईत दोनदा चुकीचा फॉन्ट लागला. तिसऱ्यांदा बरोबर लागला.

धाकटीला विहिरीवर पाठवू नका.

मी मशीनचं बटणच बंद केलं. सेव्ह वगैरे काही नाही, सरळ बटण दाबलं.

कमल आत आली तेव्हा मी विचारलं, "आज तू विहिरीवर जाणार आहेस का?"

"जावंच लागंल. मालक अन् दीर मार्केटला गेल्यात. अकराला लाइट येती, मोटर चालू करायची. झेंडू पार माना टाकून बसलाय."

"आज जाऊ नकोस."

"का हो ताई?"

मला खरं सांगता आलं नाही. त्या क्षणीही मला लाज वाटली... शिकलेल्या बाईने असं बोलायचं कसं? मी म्हटलं, "आज मला माळा साफ करून घ्यायचाय. जुने कागद काढायचेत. दुपारपर्यंत थांब."

ती जरा घुटमळली. "मग एक फोन करू का? आमच्या शेजारी फोन हाय."

मीच रिसीव्हर तिच्या हातात दिला. नंबर तिला पाठ होता, पण आकडे दाबता येईनात, म्हणून दाबलेही मीच. ती बोलत होती ते सगळं माझ्यासमोर. "काकू, कमल बोलते. आमच्या सुनंदाला तेवढं सांगा, अकराला लाइट आली की मोटर चालू कर म्हणावं. मला ताईंनी थांबवलंय."

सुनंदा म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. मला माहीत होतं ते नाव. फोन ठेवला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी तिला चहा दिला, प्रश्नपत्रिका लावून ठेवायला दिल्या, नजरेआड होऊ दिलं नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, टळलं.

बाराच्या पुढे फोन वाजला. तीच शेजारीण. तिला काही नीट बोलता येईना, नुसतं "कमलला पाठवा, लगेच पाठवा" म्हणत राहिली. मी रिक्षा करून कमलबरोबर गेले. विहिरीवर माणसं गोळा झाली होती. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. सुनंदा ओल्या पायांनी उभी होती, झटका बसून मागे विहिरीत गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला वर काढून निंबाखाली ठेवलं होतं. हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. ओसरीत बायका बसल्या होत्या. मी बाजूला टेकले. एक म्हातारी, त्यांच्या भावकीतली असावी, हुंदके देत म्हणत होती, "धाकटी गं माझी... लय गुणाची व्हती धाकटी."

मला आधी कळलंच नाही. मग दुसरी म्हणाली, "सासू उठता-बसता धाकटी-धाकटी करायची. तिच्याच हातचं खायची. शेवटाला न्हेली तिला."

या घरात कमल थोरली होती. थोरली सून. धाकटी सुनंदा.

तिथे किती वेळ बसले मला आठवत नाही. शांताबाईंनी दुकानात एकदा म्हटलेला शब्द मी धरून बसले होते. ओळ बरोबर होती. फॉन्ट बरोबर लागला होता. मी थांबवलं नसतं तर कमल विहिरीवर गेली असती. मग काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कमल रोज चपला घालून जायची, आधी काठीने स्विच दाबायची, हे मला नंतर समजलं. आणि त्या बायका म्हणत होत्या सासूने नेलं... माझ्या मनात मात्र आलं, की सासू बिचारी अडवत तर नव्हती? ती असेल तर. कोण होतं मला काय माहीत. तीही शाळेत गेलेली नव्हती.

निघताना कमल रस्त्यापर्यंत आली. मग म्हणाली, "ताई, माळ्यावर तर आपण चढलोच नाय त्या दिवशी."

मी म्हटलं, "राहून गेलं."

ती कामावर परत आली नाही. शांताबाई म्हणाल्या, सुनंदाची लहान मुलगी आता तीच सांभाळते, वेळ होत नाही. मी ते मशीन विकून नवीन घेतलं. त्यावर पुन्हा कधी काही उमटलं नाही. तरी दुकान होतं तोवर कोरं पान उघडं ठेवून मी खुर्चीवरून उठले नाही. फॉन्टच्या तक्रारी घेऊन लोक येत राहिले, मी दुरुस्त करत राहिले. पण दुसऱ्याच्या फाइलवर मराठी फॉन्ट लावायच्या आधी एक क्षण डोळे मिटायचे, ती सवय लागली ती लागलीच. पुढे युनिकोड आलं आणि ती कामंच संपली.

तीन-चार वर्षांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी कमल मला बाजारात भेटली. झेंडूचा ढीग लावून बसली होती. मी वाकून फुलं निवडत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या दिवशी मी काच पुसत व्हते, तव्हा माझ्या हाताखाली अक्षरं पळत व्हती. मी पाहिलं. मला वाटलं तुमच्या मशीनचंच असंल काहीतरी, म्हणून बोलले नाय. पन त्याच्यानंतरच तुम्ही मला थांबवलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला वाचता येत नाय म्हणून विचारते. काय लिवलं व्हतं?"

आजूबाजूला गर्दी होती, तराजूंचा आवाज होता. मला सगळं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "काही नव्हतं गं. फॉन्टचा प्रॉब्लेम होता."

तिने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. पिशवीत दोन ओंजळी फुलं जास्तीची टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ती ओळ कोणी लिहिली, मला आजही सांगता येत नाही. ग्रुपवर कोणी कम्प्युटरमधलं जाणकार असेल तर जरूर सांगा, शॉर्ट सर्किट, खराब वायर, काहीही चालेल... मी सगळं पडताळून पाहिलंय, तरी ऐकेन. पण कमलला काय सांगायचं ते मी कोणालाच विचारत नाही. ती अजून चेहेडीलाच राहते. दसऱ्याची फुलं मी आता दुसऱ्या बाजारातून आणते.